उतईच्या पायाखालचा दगड

धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर आणि भंडारा या गावांना एका सूत्रात ओवीत पूर्वेकडे जाणारा राजमार्ग आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. कितीतरी वर्षे तो 6 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जाई. 2010 मध्ये क्रमांकांची फेरमांडणी झाली, तेव्हापासून तो 53 क्रमांकाचा झाला. या मार्गाने प्रवास करताना आपली दृष्टी शेतांवर जाते, डोंगरांवर जाते, क्वचित एखाद्या देवळाच्या कळसावरही जाते. परंतु सडकेच्या कडेला पडलेल्या खडीच्या ढिगाकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः त्या ढिगाइतका बोलका इतिहासकार या मार्गावर दुसरा नाही. नागपूरपर्यंत तो ढीग काळाकुट्ट असतो. सह्याद्री ज्याचा घडला आणि ज्याच्या शिळांतून आपले किल्ले उभे राहिले, तोच हा कातळ. नागपूर मागे टाकले की त्याचा रंग पालटतो. भंडाऱ्याकडे जुने, पट्टेदार, चकाकणारे खडक दिसू लागतात. पुढे डोंगरगडच्या बाजूला कठीण ग्रॅनाइट लागतो. आणि राजनांदगाव ओलांडून शिवनाथ नदीच्या सपाटीवर उतरलो की राखी, कोठे जांभळट, फरशीसारखा थराथरांनी सुटणारा चुनखडक भेटतो. येथून रायपूरच्याही पलीकडे, महानदीपर्यंत, त्याचेच राज्य आहे.

या सपाटीवर दुर्ग आहे, भिलाई आहे, आणि भिलाईच्या दक्षिणेस उतई हे गाव आहे. छत्तीसगडचे हे खोरे शंभर कोटी वर्षांपूर्वी, किंबहुना त्याहूनही आधी, उथळ समुद्राखाली होते. त्या समुद्राच्या तळाशी गाळ बसला, सूक्ष्म शेवाळांनी चुन्याचे थरावर थर चढवले, आणि त्यांचे चुनखडक व शेल बनले. त्या काळी पृथ्वीवर ना मासा होता ना झाड. उतईचा शेतकरी आज ज्या भूमीवर धान पेरतो, तिच्या पोटात हा इतका जुना दगड आडवा पसरलेला आहे.

मात्र सडकेच्या दृष्टीने दगड पोटात असणे वेगळे आणि पाठीवर असणे वेगळे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या मातीला नावे दिली आहेत: कन्हार, डोरसा, मटासी, भाठा. कन्हार ही काळी, चिकण माती; आपल्या विदर्भातील काळ्या जमिनीची सख्खी बहीण. धान्याला ती माउली, पण चाकाला वैरीण. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर घातलेली सडक चार महिन्यांत गिळून टाकते. भाठा म्हणजे तांबूस, मुरमाड, नापीक जमीन. सडकेला उपकारक अशी एवढी एकच. त्यामुळे पूर्वी या प्रांतातील वाहतूक होती ती वंजाऱ्यांच्या तांड्यांची. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य बाहेर जाई आणि मीठ आत येई. पावसाळा लागला की तेही थांबे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून होता. बिंबाजी भोसले रतनपुरास राहत, तेथून नागपुराकडे मराठी कागद मोडीत लिहून जात. परंतु या सरकारी कागदांची आणि फौजेची वाट तीच, बैलांच्या खुरांनी पडलेली.

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतर रिचर्ड टेंपल यांच्या कारभारात नागपूरहून रायपूरकडे जाणारी बांधीव सडक आकारास येऊ लागली. तिचे नाव ग्रेट ईस्टर्न रोड. भिलाई-दुर्ग परिसरात लोक अजूनही तिला जी. ई. रोडच म्हणतात. नावाचे हे आयुष्य मोठे गमतीचे आहे: साम्राज्य गेले, क्रमांक बदलला, पण बाजारात पत्ता विचाराल तर उत्तर जुनेच मिळते.

ही सडक कशी बांधली जाई? जॉन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक साधी गोष्ट सांगितली होती. भार दगड वाहत नाही, भार जमीन वाहते. म्हणून जमीन कोरडी ठेवा, आणि तिच्यावर हाताने फोडलेल्या लहान, टोकदार खडीचा थर द्या. चाकांखाली ती खडी एकमेकींत गुंतून घट्ट होईल. हिंदुस्थानात या पद्धतीला मुरमाची जोड मिळाली. खडी पसरायची, मुरूम व पाणी घालायचे, आणि वर रूळ फिरवायचा. ही कच्च्या मालाच्या दृष्टीने स्वस्त पद्धत होती. तिची खरी किंमत फोडणाऱ्या हातांत होती.

ती किंमत छत्तीसगडाने 1896-97 च्या आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मोजली. धान करपले, घरची कोठारे रिकामी झाली, आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. ती कामे मुख्यतः तलाव खोदण्याची आणि सडकांसाठी खडी फोडण्याची. आईबाप दगड फोडत आणि फोडलेल्या घनफुटांच्या हिशेबाने त्यांना पोटापुरते पैसे मिळत. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे चित्र परके वाटणार नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडेही खडीकेंद्रांवर हजारो माणसे उन्हात बसून हातोडी चालवीत होती. आपल्या देशातील कितीतरी जुन्या सडकांच्या तळाशी ही भुकेची खडी आहे. अभियंत्याच्या अंदाजपत्रकात तिचा उल्लेख केवळ घनफुटांत होतो.

मॅकॅडमची सडक बैलगाडीला पुरली. मोटारीला पुरली नाही. लोखंडी धाव खडीचा भुगा करीत असे, पण तो भुगा पुन्हा फटींत बसून खडी धरून ठेवी. रबरी चाक मात्र वेगाने फिरताना ती बारीक धूळ ओढून वर उडवते. धूळ गेली की खडी सुटते. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी या धुळीने लोक इतके त्रासले की 1902 मध्ये मोनाको येथे गुग्लिएल्मिनेत्ती या स्विस डॉक्टराने रस्त्यावर दगडी कोळशाचे डांबर ओतून पाहिले. त्यावरून लोक त्यांना थट्टेने डांबर-डॉक्टर म्हणू लागले. खडीला बांधून ठेवणारे काहीतरी चिकट हवे, हे आता सर्वांना पटले.

ते चिकट द्रव्य मानवाला मात्र नवे नव्हते. मोहंजोदडोच्या महास्नानगृहाच्या विटांच्या भिंतीत पाणी झिरपू नये म्हणून निसर्गात आपोआप झिरपलेल्या डांबराचा थर दिलेला आहे. तो साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. 1595 मध्ये वॉल्टर रॅले यांनी त्रिनिदाद बेटावर डांबराचे चक्क सरोवर पाहिले आणि आपल्या जहाजांच्या फटी त्याने बुजविल्या. सुमारे शंभर एकरांचे हे सरोवर आजही आहे. त्याच्या पृष्ठावरून माणूस चालू शकतो, आणि खणून काढलेली जागा सावकाश पुन्हा भरून येते. (याच बेटावर 1845 पासून आपल्या देशातील गिरमिटिया मजूर ऊस तोडण्यासाठी नेले जात होते, हे जाता जाता स्मरणात ठेवावे.) येथे थोडा शब्दांचा उलगडा केला पाहिजे. मराठीत आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो, त्यात तीन निरनिराळ्या वस्तू येतात: दगडी कोळसा भाजताना निघणारे डांबर, खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिट्युमेन, आणि भूगर्भातून निसर्गानेच वर आणून ठेवलेले अस्फाल्ट. तिघांचा रंग एक, स्वभाव वेगळा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कथा मात्र स्वित्झर्लंडमधील आहे. तेथील वाल-द-त्राव्हेर नावाच्या खोऱ्यात अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एरिनिस नावाच्या ग्रीक वैद्याला एक विलक्षण खडक गवसला. तो होता साधा चुनखडक. पण त्याच्या कणाकणांत निसर्गाने डांबर मुरविले होते, वजनाने शेकडा दहाच्या आसपास. त्याचा उपयोग बराच काळ गिलाव्यासाठी आणि गच्च्यांसाठी झाला. मग 1849 मध्ये मेरियां नावाच्या एका अभियंत्याच्या ध्यानात आले की खाणीतून निघालेल्या गाड्यांतून वाटेवर सांडलेले तुकडे उन्हाने मऊ होतात, चाकांखाली भरडले जातात, आणि तेथे गुळगुळीत, धूळ नसलेली वाट आपोआप तयार होते. गाडीवानांनी ती वाट रोज पाहिली असणारच! पाहणारा डोळा मात्र उशिरा आला. 1854 मध्ये पॅरिसच्या एका रस्त्यावर हा खडक दळून, तापवून, ठोकून बसविण्यात आला. 1869 मध्ये लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर तोच प्रयोग झाला. 1876 मध्ये वॉशिंग्टनच्या पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर तर एका भागात या जातीचा चुनखडकी अस्फाल्ट आणि दुसऱ्या भागात त्रिनिदादचे डांबर वाळूत कालवून, अशी जणू शर्यतच लावण्यात आली.

अमेरिकेत त्रिनिदादच्या डांबराने बाजी मारली, कारण ते वाळूत मिसळून कोठेही नेता येई. संपूर्ण खडक समुद्रापार वाहून नेणे परवडत नव्हते. परंतु रसायनज्ञांनी जेव्हा दोन्ही मिश्रणांचा कस घेतला, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. नुसते डांबर आणि नुसती वाळू यांचे जमत नाही. दोहोंच्या मध्ये पिठासारखी बारीक पूड हवी. क्लिफर्ड रिचर्डसन या रसायनज्ञाने 1905 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पुडीचे महत्त्व आग्रहाने मांडले. आणि ती पूड कशाची उत्तम? पुन्हा चुनखडकाचीच. स्विस खोऱ्यात निसर्गाने जे लग्न लावले होते, तेच माणसाने कारखान्यात पुन्हा लावले.

या लग्नाचे रहस्य आपल्या घरातल्या अनुभवावरून समजते. ओल्या भिंतीला रंग धरत नाही. तसेच ओल्या दगडाला डांबर धरत नाही. ग्रॅनाइट किंवा गारगोटीसारख्या वाळूप्रधान दगडाला पाण्याची ओढ अधिक. डांबराचे आवरण चढले तरी पावसाळ्यात पाणी मागच्या दाराने शिरते आणि दगड व डांबर यांच्यामध्ये बसून डांबर सोलून काढते. चुनखडक हा प्रकृतीने क्षारधर्मी, तर डांबरात किंचित आम्लांश असतो. म्हणून त्यांची मिठी पाण्याने सहज सुटत नाही. शिवाय चुनखडकाची पूड, मिलिमीटरच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाहूनही बारीक, डांबरात मिसळली की ते डांबर घट्ट होते, उन्हाळ्यात ओघळत नाही, आणि खडीमधील पोकळ्या भरून निघतात. शंभर किलो मिश्रणात डांबर असते पाच-सहा किलो, आणि ही पूडही थोडकीच. उरलेली सगळी खडी आणि वाळू. पण स्वयंपाकात मिठाचे जे स्थान, ते येथे या दोहोंचे. आपल्याकडील जुने गवंडी घाणीत बैल फिरवून चुना तासन् तास मळीत. त्यांना यातील रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण बारीक दळल्याखेरीज चुना धरत नाही, हे पक्के ठाऊक होते. आज भारतातही डांबरी थरासाठी चुनखडकाची पूड, सिमेंट किंवा विझवलेला चुना यांचा वापर मान्य आहे. दगड डांबर सोडणारा असेल तर विझवलेला चुना घालावा, असा शिरस्ताच आहे.

मग प्रश्न उरतो पैशाचा. डांबरी सडक मुरमी सडकेहून महाग. ती बांधावी कोणी? 1919 च्या सुधारणांनी सडका प्रांतांकडे गेल्या, आणि प्रांतांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. या कोंडीतून वाट काढण्यासाठी 1927 मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जयकरांचे नाव निघाले की आपणास पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आठवतात, कायदेपंडित आठवतात. सडका आठवत नाहीत. परंतु 1928 मध्ये या समितीने सांगितले की सडका ही राष्ट्राची बाब होऊ लागली आहे, आणि जो मोटार चालवतो त्याच्या पेट्रोलवर कर बसवून सडकांचा निधी उभारावा. त्याप्रमाणे 1929 च्या मार्चमध्ये गॅलनमागे दोन आणे कर बसला व केंद्रीय मार्ग निधी सुरू झाला. 1934 मध्ये अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे 1943 च्या डिसेंबरात सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही आज आपण गृहीत धरतो ती उतरंड त्या नागपूर योजनेतून आली. माझ्या मते तिच्यातील सर्वांत धाडसी शब्द ‘ग्राममार्ग’ हा होता. सरकारी कागदात त्यापूर्वी खेड्याला सडक असते, असे कोणी गंभीरपणे मानले नव्हते.

नागपूर योजनेची वीस वर्षे चालू असतानाच उतईच्या शेजारी निराळाच पाहुणा आला. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाला लोहखनिज हवे, ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आले. कोळसा हवा, तो रेल्वेने आला. आणि लोहखनिजातील वाळूचा अंश मळीच्या रूपाने बाहेर काढण्यासाठी चुनखडक हवा. तो भिलाईपासून सुमारे 23 किलोमीटरवरील नंदिनीच्या खाणीतून आला. कोट्यवधी वर्षे कोणी न विचारलेल्या दगडाला अकस्मात भाव चढला. पुढे 1965 मध्ये जामूल येथे सिमेंटचा कारखाना सुरू झाला, आणि चुनखडकाला दुसरा मोठा गिऱ्हाईक मिळाला.

आणखी एक योगायोग पाहा. कोक भट्ट्यांत कोळसा भाजला की डांबर निघते. म्हणजे भिलाईत चुनखडक पायाखाली आणि काळे चिकट द्रव्य शेजारच्या भट्टीत, अशी वाल-द-त्राव्हेरच्या खडकाची दोन्ही अंगे एकाच पंचक्रोशीत आली. कागदावर हिशेब सुरेख जुळत होता. प्रत्यक्षात तो जुळला नाही. कोळशाचे डांबर थंडीत ठिसूळ होते, उन्हात पातळ होते, आणि त्याच्या वाफा कामगारांच्या फुप्फुसांना व त्वचेला घातक असतात. म्हणून जगभर सडकांवरील त्याचा वापर मागे पडत गेला. त्याच्या उरल्यासुरल्या घट्ट भागाला ॲल्युमिनियमच्या कारखान्यांकडून, विद्युदग्रे करण्यासाठी, अधिक मोल मिळू लागले. साहजिकच सडकेला तेलशुद्धीकरणातील बिट्युमेनकडे वळावे लागले. आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भ्याचे शुद्धीकरण कारखाने 1954-55 मध्ये सुरू झाले, आणि तेथूनही ते मिळू लागले. छत्तीसगडात आजही तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही. तेथील सडकेचे डांबर दूरवरून टँकरने येते, आणि त्याच्या मुळाशी असलेले खनिज तेल बहुतांशी परदेशचे असते.

या व्यवहारात उतईसारख्या गावाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मला टाळता येत नाही. चांगला, कमी वाळूचा, योग्य आकाराचा दगड भट्टीला आणि सिमेंटला गेला. तो जाण्यात अन्याय नाही. राष्ट्राला पोलाद हवेच होते, आणि भिलाईच्या रुळांवरून आपण सारेच प्रवास करतो. परंतु हलक्या प्रतीचा दगड आणि फोडताना पडणारा भुगा खाणींच्या काठावर साचत राहतो, आणि त्याच परिसरातील आडवाटा कन्हारात रुतून बसतात, हे दृश्य चुनखडकाच्या प्रदेशात पुष्कळ ठिकाणी दिसते. नको असलेला भुगा नेमका तोच, ज्याची डांबरी मिश्रणाला गरज. खेडेगावच्या सडकेत तर तळाच्या थरांना फार कठीण दगड लागतही नाही. 2000 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने स्थानिक, दुय्यम दगडाचा वापर करावा असा आग्रह धरला, तो याच हिशेबाने. दूरवरून आणलेल्या खडीच्या किमतीत दगड थोडा आणि डिझेल फार, असे होऊन बसते. भट्टीची मळी थंड करून, फोडून खडीऐवजी वापरण्याची रीतही जगात जुनी आहे. भिलाईसारख्या गावी ती तर दारातच पडलेली असते.

तरीही चुनखडकाची स्तुती करताना त्याचा दोष झाकून ठेवता कामा नये. हा दगड मऊ. चाकांच्या घर्षणाने तो झिजतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. पहिल्या पावसाच्या भुरभुरीत अशा सडकेवर मोटार घसरते. ब्रेक दाबला तरी चाक पुढेच जाते. म्हणून जाणते अभियंते त्याला पृष्ठभागावर येऊ देत नाहीत. तळाच्या थरांत तो खडी म्हणून चालतो, वरच्या थरांत केवळ पूड म्हणून. आणि प्रत्यक्ष चाकाशी झुंजायला वरची खडी काळ्या कातळाची किंवा तशाच खरखरीत, टणक दगडाची घेतात. छत्तीसगडच्या मध्यभागी तसा दगड सहज मिळत नाही. तो सपाटीच्या कडांवरून, डोंगरगडच्या बाजूने किंवा त्याहून लांबून आणावा लागतो, आणि त्यातही ग्रॅनाइट असेल तर त्याचे पाण्याशी असलेले जुने सख्य मोडण्यासाठी पुन्हा चुन्याचीच मदत घ्यावी लागते.

वाल-द-त्राव्हेरची खाण 1986 मध्ये बंद झाली. आता तेथे सहली येतात, आणि तापविलेल्या डांबरात कागदात गुंडाळून शिजविलेले मांस पाहुण्यांना वाढण्याची खाणकामगारांची जुनी चाल अजून पाळली जाते. नंदिनीची खाण वेगळ्या तऱ्हेने ओळखीची झाली: दगड काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचून तेथे विस्तीर्ण जलाशय झाले आहेत. त्यांच्या काठावरच्या उभ्या कापात चुनखडकाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. वर हातभर काळी कन्हार, तिच्याखाली दगड.